दंडातली बेटकुळी आणि रोमनांचा उंदीर

कोपर दुमडा, मूठ घट्ट आवळा आणि दंडाकडे बघा. जो उंचवटा वर येतो त्याला आपण बेटकुळी म्हणतो. कुणी बेडकुळी म्हणतं, कुणी नुसतं बेडकी. लहानपणी सुट्टीत आजोळी गेलं की मामा पहिल्याच दिवशी "दाखव बघू बेटकुळी" म्हणून दंड चाचपायचा, आणि मग स्वतःची काढून दाखवायची त्याला कोण हौस! शब्द इतका सरावाचा, की त्यात चक्क बेडूक बसलाय हे ध्यानात यायला माझी चाळिशी उलटली.

ध्यानात आलं तेही आडवाटेने. 'मसल' हा इंग्रजी शब्द कुठून आला ते पाहत होतो, तर आतून उंदीर निघाला. तेव्हा कुठे वाटलं, की अरे, आपण तरी काय वेगळं करतो?

इंग्रजीने 'मसल' फ्रेंचमधून उचलला आणि फ्रेंचने लॅटिनमधून. लॅटिनमधलं मूळ रूप मूस्कुलुस. त्याची फोड सरळ आहे. मूस म्हणजे उंदीर, आणि कुलुस हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय, म्हणजे 'उंदीरमामाचं पिल्लू'. हा प्रत्यय तुम्ही शाळेपासून पाहत आला आहात. 'पार्टिकल' म्हणजे 'पार्ट'चा चिमुकला तुकडा. 'मॉलिक्यूल' म्हणजे इवलासा गोळा. 'मोलेस' या लॅटिन शब्दाला हेच शेपूट लावून तो शास्त्रज्ञांनी नंतर घडवला. मराठीत चिमुकला, तान्हुलं, सोनुली असे शब्द आपण करतो, त्याच जातीचं हे काम. आपली बेटकुळीही बेडकाला लाडाचं शेपूट लावूनच झाली आहे. दोन्ही प्रत्ययांचं आपसात नातं आहे असं मात्र म्हणत नाही. खोड तेवढी सारखी: दंडावरचा प्राणी कुणालाच मोठा दिसला नाही.

दंडात उंदीर का दिसावा, याचं उत्तर दंडच देतो. कोपर हळूहळू दुमडा आणि परत सोडा. कातडीखाली काहीतरी पुढे सरकतं, टम्म होतं, परत मागे जातं. पातळ चादरीखाली उंदीर पळाला तर तो असाच दिसेल. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळतं होत शेपटीसारखं संपणारं. ती शेपटी म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, टेंडन. इसवी सनाच्या पहिल्या शतकात केल्सस हा रोमन लेखक वैद्यकावर लिहितो तेव्हा मूस्कुलुस हा शब्द शरीरातल्या स्नायूसाठी वापरतो. त्याच्याही आधीपासून ग्रीक वैद्य हेच करत होते. ग्रीकमध्ये 'मूस' म्हणजे उंदीरही आणि स्नायूही. तोच पुढे डॉक्टरांच्या कागदावर 'मायो' होऊन बसला. मायोकार्डियम म्हणजे हृदयाचा स्नायू. मायोपथी म्हणजे स्नायूचा आजार. हृदयविकाराच्या झटक्याला डॉक्टर मायोकार्डियल इन्फार्क्शन म्हणतात. तेवढ्या गंभीर शब्दातही उंदीर आहेच.

रोमन लोकांनी या पिल्लाला आणखी बऱ्याच कामांना जुंपलं. समुद्रातल्या एका शिंपल्यालाही ते हेच नाव देत. त्यातूनच इंग्रजीत 'मसल' नावाचा दुसरा शब्द आला, उच्चार तोच, स्पेलिंग वेगळं. गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात, ते हे शिंपले. काळसर, लांबट, एका टोकाला निमुळते. उंदीर दिसायला फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. प्लिनी हा रोमन लेखक तर देवमाशाला वाट दाखवणाऱ्या एका माशालाही हेच नाव देतो. पण सगळ्यात मजेदार उपयोग लढाईतला. इसवी सनपूर्व ४९ मध्ये रोमन फौजांनी मॅसिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेला, वेढा घातला. त्या वेळी त्यांनी तटापर्यंत पोचणारी साठ फूट लांबीची एक भक्कम छपरी बांधली. जाडजूड तुळया, वरून विटा आणि चिखल, त्यावर कातडी, म्हणजे वरून आग आणि दगड आले तरी आतली माणसं शाबूत. आत दडून ती तटाचा पाया पोखरणार. सीझरच्या वृत्तांतात या छपरीचं नाव आहे मूस्कुलुस. भिंतीच्या बुडाशी बसून पोखरणारा कोण, हे ज्याच्या घरी धान्याची कणगी आहे त्याला वेगळं सांगायला नको.

इंग्रजी स्पेलिंगमधला 'सी' आठवतोय? शाळेत त्यापायी मार्क गेलेत. 'मसल' म्हणताना तो बोलत नाही, पण 'मस्क्युलर' म्हटलं की 'क' होऊन बाहेर येतो. इंट्रामस्क्युलर इंजेक्शन घेताना तो अगदी ठणठणीत ऐकू येतो. अशी मुकी अक्षरं बऱ्याचदा जुन्या घराचा पत्ता सांगत असतात.

इथवर आपण कागदावर लिहिलेल्या लॅटिनपर्यंत आलो. त्याच्या मागे जायचं तर मूस हा शब्द एकटा घेऊन चालत नाही, भावंडं गोळा करावी लागतात. संस्कृतात मूष्, त्यावरून मूषक. फारसीत मूश. ग्रीकमध्ये मूस. रशियनमध्ये मिश. जर्मनमध्ये माउस. जुन्या इंग्रजीत मूस, आजच्या इंग्रजीत माउस. गणपतीचं वाहन आणि तुमच्या संगणकाशेजारचा माउस हे एकाच मुळाचे. (संगणकाचा माउस डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत लोकांसमोर पहिल्यांदा चालवून दाखवला. त्या डबीला नाव पडलं ते मागच्या शेपटीवजा वायरमुळे. आता बिनवायरीचे आले, शेपूट गेली, नाव राहिलं.)

नुसते शब्द सारखे दिसतात म्हणून कुणी नातं मानत नाही. मानू नये. हीच या विद्येची पहिली पायरी, आणि बहुतेक हौशी लोक नेमके इथेच घसरतात. नातं सिद्ध होतं ते फरकांवरून. फरक नियमाने पडलेला असेल, आणि तोच फरक इतर शब्दांतही त्याच जागी पडलेला असेल, तर नातं पक्कं.

उदाहरणार्थ, ग्रीक, लॅटिन आणि जुन्या इंग्रजीत 'स', पण संस्कृतात 'ष' का? मूस का नाही, मूष् का? याचं उत्तर तुम्हाला पाठ आहे. 'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन.' सप्तमीच्या बहुवचनाचा प्रत्यय मुळात 'सु'. मालासु, लतासु. पण फलेषु, देवेषु. 'अ' आणि 'आ' यांच्या मागून आला तर 'स' तसाच राहतो. इ, उ, ए यांसारखे स्वर किंवा र, क यांच्या मागून आला, की त्याचा 'ष' होतो. पाणिनीने हे सूत्रांत बांधलं आहे. मूष् मध्ये 'स'च्या आधी 'ऊ' आहे, म्हणून 'ष'. गीतेच्या श्लोकात जो नियम चालतो तोच उंदराच्या बिळात.

लॅटिनचा फरक निराळा. तिथे दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'स' जुन्या काळी 'र' झाला. म्हणून एक उंदीर मूस, पण अनेक उंदीर मूरेस. प्रयोगशाळेत उंदरांशी संबंधित गोष्टींना 'म्युराइन' म्हणतात तो 'र' इथला. हाच प्रकार 'जीनस' आणि 'जनरल' या जोडीत दिसेल. दोन्ही एकाच लॅटिन शब्दापासून, एकात 'स' टिकला, दुसऱ्यात 'र' झाला.

आणि इंग्रजीत मूसचा माउस कसा झाला? साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर जागचे हलले. बहुतेक 'ऊ' 'आउ'कडे गेले. हूसचं हाउस झालं, नूचं नाउ झालं, मूसचं माउस झालं. स्कॉटलंडमध्ये अजूनही जुन्या वळणाने हूस आणि मूस म्हणणारी माणसं भेटतात. आपण त्यांना अशुद्ध म्हणावं असं काही नाही. ते आपल्या मूषकाच्या जास्त जवळ आहेत.

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, त्या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ आता कदाचित उरलेलं नाही, असं त्यांनी मांडलं. नंतरच्या शंभरेक वर्षांत अभ्यासकांनी हे नियम एकेक करून घासूनपुसून घेतले. त्या न उरलेल्या मूळ भाषेला आद्य इंडो-युरोपीय म्हणतात. तिच्यातल्या उंदराच्या शब्दाचं मूळ रूपही त्यांनी मांडलंय, मूस् याच्या अगदी जवळचं. पण त्याच्या डोक्यावर तारा काढतात. तारा म्हणजे कबुली, की हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, नातवंडांच्या चेहऱ्यांवरून पणजोबांचा चेहरा काढला आहे. कित्येक हजार वर्षं झाली तरी उंदराचं नाव फारसं बदललं नाही. माणूस घर बदलत गेला, भाषा बदलत गेला, उंदीर सोबत होताच.

ऋग्वेदात तो भेटतो. पहिल्या मंडलाच्या १०५व्या सूक्तात 'मूषो न शिश्ना व्यदन्ति माध्यः' अशी ओळ आहे. परंपरेने लावलेला अर्थ असा, की उंदीर जसे खळ लावलेलं सूत कुरतडतात तशा चिंता मला कुरतडत आहेत. उपमा इतकी घरगुती, की विणकराच्या घरात बसून सुचली असावी. निरुक्तकार यास्कांनी मूषिक या शब्दाची फोड 'मुष्' म्हणजे चोरणे या धातूवरून केली. उंदीर म्हणजे चोर. पटकन पटावं असंच आहे, पण आजच्या अभ्यासकांपैकी बरेच जण इथे सावध आहेत. उंदराचं नाव फार जुनं. ते चोरीवरून आलं की दोन शब्द शेजारी राहून एकमेकांसारखे वाटू लागले, हे सांगणं कठीण. मला स्वतःला यास्कांचा उंदीर आवडतो, पण आवडणं हा पुरावा नाही.

याच ठिकाणी मुसळाची गंमत सांगतो. मुसळ, मसल, मूस. कांडून कांडून दंड भरतात, म्हणजे मुसळावरूनच मसल! असा मजकूर मोबाइलवर फिरायला वेळ लागत नाही, आणि खाली 'अभिमान वाटतो' असंही लिहिलेलं असतं. आता वरचा नियम लावून बघा. संस्कृत शब्द आहे मुसल. 'उ'च्या मागे 'स', आणि त्याचा 'ष' झालेला नाही. वडिलोपार्जित शब्द असता तर मुषल व्हायला हवा होता. याच कारणाने बरेच अभ्यासक तो शेजारच्या कुठल्यातरी भाषेतून संस्कृतात आलेला मानतात. उंदराशी त्याचा संबंध नाही, आणि आपल्या दंडाशी आहे तो फक्त कांडण्यापुरता.

उलट बाजूचा सापळाही आहे. मायोपथीत उंदीर आहे, म्हणून मायोपियात, म्हणजे जवळचं दिसतं पण लांबचं दिसत नाही त्या दोषातही तो असणार, असं वाटतं. नाही. तिथला 'मायो' हा मिटणे या अर्थाच्या ग्रीक धातूचा. लांबचं पाहायला डोळे बारीक करतो तो मायोप. एकच आवाज, दोन वेगळी घराणी.

आता परत दंडाकडे. उंदराचं नाव पिढीजात चालत आलं हे कळलं. पण दंडात उंदीर दिसणं, हेही चालत आलेलं की ज्याचं त्याला सुचलेलं? जुन्या इंग्रजीत मूस म्हणजे दंडाचा स्नायूही होता. रशियनमध्ये स्नायूला मिश्त्सा म्हणतात आणि काखेत वस्तू धरली तर ती 'मिश्कीखाली' धरली असं म्हणतात, म्हणजे उंदरीखाली. आर्मेनियनमध्ये दोन्हींना एकच शब्द. ही सगळी एकाच कुटुंबातली, तेव्हा वारसा म्हणता येईल. पण अरबी या कुटुंबातली नाही. तिथे स्नायू म्हणजे अदला आणि शेतातला उंदीर म्हणजे अदल. हाँगकाँगकडच्या कँटोनीजमध्ये दंडाच्या उंचवट्याला उंदराचं पिल्लू म्हणतात. ब्रिटनच्या कोपऱ्यातल्या कॉर्निश भाषेत उंदराचा शब्दच वेगळा आहे, तरी पायाची पोटरी म्हणजे 'पायाचा उंदीर'. एवढ्या लांबलांबच्या लोकांना एकच प्राणी दिसला, म्हणजे काही ठिकाणी तरी तो ज्याचा त्याने पकडला असणार.

सरडाही आहे बरं का. लॅटिनमध्ये लॅसर्टुस म्हणजे दंडाचा पुष्ट भाग, आणि लॅसर्टुस म्हणजे सरडा. स्पॅनिशमध्ये सरड्याला लागार्तो म्हणतात, आणि दंडाच्या मोठ्या स्नायूलाही हाच शब्द कोशात आहे. कोपराच्या खळीतल्या एका पट्ट्याला वैद्यकीचे विद्यार्थी आजही लॅसर्टस फायब्रोसस म्हणून पाठ करतात. म्हणजे उंदीर, सरडा आणि आपला बेडूक. आपला जास्त नेमका आहे, असं माझं पक्षपाती मत. बेडूक फुगतो, उंदीर नुसता पळतो.

('बायसेप्स'ही लॅटिनच. अर्थ दोन डोक्यांचा, कारण हा स्नायू वरच्या बाजूला दोन मुळांनी खांद्याच्या हाडाला चिकटतो. शेवटचा 'स' अनेकवचनाचा नाही. जिममध्ये 'आज बायसेप मारायचाय' म्हणतात ते मूळ शब्दाची शेपटी तोडून.)

मराठीत पुस्तकी शब्द मात्र स्नायू, आणि त्याची कथा कुणी फारशी सांगत नाही. संस्कृतात स्नायु म्हणजे मसल नव्हे. स्नायु म्हणजे बांधणारा दोर, तंतू. सुश्रुतसंहितेत शरीरातल्या पेशी ५०० आणि स्नायू ९०० अशी वेगवेगळी मोजणी आहे, आणि तिथे मांसाच्या गोळ्याला शब्द आहे पेशी. हिंदीने तो मांसपेशी म्हणून तसाच ठेवला. आपण पेशी उचलून जीवशास्त्रातल्या 'सेल'ला देऊन टाकली आणि रिकाम्या जागी स्नायूला बसवलं. त्यामुळे हिंदी पुस्तकातली पेशी आणि मराठी पुस्तकातली पेशी यांच्यात अख्ख्या दंडाचा फरक पडतो.

या स्नायूचा वेदकाळातला भाऊ स्नावन्. त्याचे युरोपातले नातेवाईक म्हणजे ग्रीक न्यूरॉन आणि लॅटिन नेर्वुस. दोघांचाही जुना अर्थ दोर, ताण देणारी दोरी, धनुष्याची प्रत्यंचा. प्रेतं फाडून पाहताना वैद्यांना पांढरे दोरे दिसले. त्यातले काही हाडाला बांधणारे, काही मेंदूकडे जाणारे. हळूहळू युरोपात तो शब्द मेंदूकडच्या दोऱ्यांसाठी राहिला. त्यातून नर्व्ह आणि न्यूरॉलॉजिस्ट आले. आपण तोच दोर घेऊन मांसावर गेलो. फिजिओथेरपिस्ट मराठीत 'स्नायू आखडलाय' म्हणतात आणि इंग्रजीत 'नर्व्ह दबलीये' म्हणतात, तेव्हा एकाच घरातले दोन भाऊ एकाच पाठीच्या दोन तक्रारी सांगत असतात.

पिल्लाच्या आणखी एका वंशजाचा उल्लेख करायचा तर जरा खाली उतरावं लागेल. संस्कृतात मुष्क म्हणजे अंडकोश, आणि तोही मूळचा 'छोटा उंदीर' मानतात. कस्तुरीमृगाची कस्तुरीची पिशवी तशीच दिसते, म्हणून फारसीत कस्तुरीला मुश्क. फारसीतून ग्रीक, मग लॅटिन, मग इंग्रजीतलं मस्क. जायफळाला कस्तुरीसारखा वास म्हणून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ते 'नुक्स मुस्काता', कस्तुरगंधी फळ. त्यावरून फ्रेंच, आणि तिथून इंग्रजीतलं नटमेग. श्रीखंडात जायफळ किसताना हे कुणाला सांगू नका. मी सांगितलं होतं. पुढचं श्रीखंड मला एकट्याला खावं लागलं.

जर्मन भाषेत व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं त्याला मुस्केलकाटर म्हणतात. काटर म्हणजे बोका. आदल्या दिवशी उंदीर फार पळाले, दुसऱ्या दिवशी बोका मागे लागला! इतकी सुंदर जुळणी, की मी ती आठवडाभर भेटेल त्याला सांगत होतो. मग एके दिवशी कोश उघडला. तिथला काटर बहुधा बोका नव्हेच. सर्दीपडशाला 'कटार' म्हणतात, तो ग्रीक शब्द जर्मन तोंडांत घोळून बोक्यासारखा झालेला. उंदीर खरा निघाला, बोका खोटा.